टीव्ही बदलायचा की डबा लावायचा?

भांडुपच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: घरात ३२ इंची स्मार्ट टीव्ही, २०१७ साली घेतलेला. चित्र अजून छान दिसतं, पण आतली अ‍ॅप्स एकेक करून बंद पडलीत. यजमान म्हणतात, ४३ इंची नवा घेऊ, २७ हजारांचा, नो-कॉस्ट ईएमआयवर १२ हप्ते. चिरंजीव डिप्लोमाला आहेत, ते म्हणतात रास्पबेरी पाय (तळहाताएवढ्या बोर्डावरचा छोटा संगणक) आणा, प्लेयर मीच बनवतो. सासूबाईंना मालिका आणि बातम्या मिळाल्या की बास. ताई विचारतात, यातलं काय करू, आणि केबल तोडून टाकू का? सोबत तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलंय, त्याबद्दल त्यांचे खास आभार. एवढी तयारी करून प्रश्न विचारणारे थोडे.

ताई, तुमच्या टीव्हीचा पडदा ठणठणीत आहे. म्हातारं झालंय ते आतलं सॉफ्टवेअर. कंपन्या चार-पाच वर्षांनी अपडेट देणं थांबवतात, मग अ‍ॅपवाले जुन्या मॉडेलचा नाद सोडतात. त्यावर इलाज म्हणजे एचडीएमआयच्या भोकात बाहेरून एक छोटा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स लावायचा. चांगल्या कंपनीचा, गूगलने प्रमाणित केलेला बॉक्स तीन हजारांच्या आसपास मिळतो. तीन हजार आणि २७ हजार, इथेच खरं तर निकाल लागतो. पण यजमानांची बाजूही ऐकू.

नो-कॉस्ट हप्ता फुकट नसतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लिहूनच कळवलं होतं. होतं असं की दुकान तुम्हाला व्याजाइतकी सूट देतं, बँक ते व्याज हप्त्यात लावते आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या कार्डावर पडतो. १६ टक्के दर धरला तर तुमच्या २७ हजारांत व्याजाचा भाग साधारण २,२०० रुपये, त्यावरचा जीएसटी ४०० च्या घरात. १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर करासकट २३५. म्हणजे सव्वासहाशे-साडेसहाशेचा भुर्दंड. त्यासाठी कुणी टीव्ही घ्यायचा थांबू नये, असंच मी म्हणेन.

मला खटकतो तो २,२५० चा हप्ता. पगार हातात ५८ हजार येतो, घरकर्जाचा हप्ता १९,५०० जातो, तो धरून घरखर्च सगळा मिळून ४६ हजार. आणि अडीअडचणीला हाताशी काय? ५५ हजारांची एक एफडी. यजमानांची नोकरी खासगी. उद्या पगार दोन महिने लांबला तर दुसरा महिना कसा काढायचा, याचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. अशा वेळी वर्षभरासाठी आणखी एक हप्ता गळ्यात घेणं मला पटत नाही. दुकानदार म्हणेल, जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला हे खरंय. पण दर खाली आला म्हणून गरज वर येत नाही.

आता चिरंजीवांचा बेत. मुलगा हुशार दिसतोय, त्याला रागावू नका. रास्पबेरी पायवर लिब्रेइलेक ही फुकट सिस्टिम टाकून कोडी हा मीडिया प्लेयर चालवला की स्वतःजवळचे व्हिडिओ, फोटो, गाणी झकास चालतात. अडचण दोन ठिकाणी आहे. नुसता बोर्ड घेऊन भागत नाही. पॉवर सप्लाय, केस, मेमरी कार्ड, शिवाय पाय ४ ला छोट्या तोंडाची वेगळी एचडीएमआय केबल लागते. सगळं जमवेपर्यंत बॉक्सच्या दुप्पट पैसे सहज जातात. दुसरं म्हणजे, पैसे भरून बघायच्या अ‍ॅप्सना वाइडवाइन नावाचं कुलूप असतं. त्याची वरची पातळी, एल१, पायकडे नाही. त्यामुळे नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपचं चित्र तिथे पुसट दिसतं. वर्गणी पूर्ण भरायची आणि चित्र अर्धं बघायचं, हा कुठला व्यवहार? कोडी अँड्रॉइड टीव्हीवरही फुकट मिळतं. म्हणून एचडीएमआयमध्ये थेट खोचायची स्टिक न घेता यूएसबी पोर्ट असलेला बॉक्स घ्या, पेनड्राइव्ह लावून त्याची हौस तिथेच भागेल.

फोर-के बॉक्सच्या मागे लागू नका. तुमच्या टीव्हीचं मॉडेल बघितलं, तो एचडी रेडी आहे, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा. जास्तीचे ठिपके तो दाखवणार कुठे? आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन ‘सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट’ म्हणून बिननावाचे बॉक्स मिळतात, त्यांना हात लावू नका. अशा स्वस्त बॉक्सांमध्ये कारखान्यातूनच व्हायरस येत असल्याचं बॅडबॉक्स प्रकरणात उघड झालं, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही इशारा दिला. ज्या वायफायवर तुमचं यूपीआय चालतं त्याच वायफायवर तो डबा बसणार आहे. नेटचा प्लॅनही वाढवू नका, एचडी चित्राला ५ एमबीपीएस पुरतात.

खरी गळती मला तुमच्या स्टेटमेंटमध्ये सापडली. केबल ४२०, नेटफ्लिक्स १४९, क्रिकेटसाठी घेतलेलं एक अ‍ॅप २९९, आणि ९९ रुपयांचा एक ऑटोपे, ज्यासमोर तुम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. बेरीज ९६७, वर्षाचे ११,६०४. एवढ्यात तीन बॉक्स येऊन वर पैसे उरतील. त्यातही १४९ चा प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबलेटसाठीचा, तो टीव्हीवर चालणारच नाही. १९९ चा घ्यावा लागेल. त्याचं चित्र ७२० पी असतं, म्हणजे तुमच्या पडद्याच्या मापाचंच. त्याच्या वरचा प्लॅन तुम्हाला नको. क्रिकेटचं अ‍ॅप सामने असतील त्या महिन्यापुरतं घ्या, एका वेळी एकच वर्गणी. प्रश्नचिन्हवाला ऑटोपे आज रात्रीच यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रद्द करा.

केबलचं मात्र जपून. परळला आईच्या घरची केबल मी स्वतःच तोडली होती, मोठ्या अभिमानाने, महिन्याचे पैसे वाचवले म्हणून. तिला बॉक्स लावून दिला, रिमोटवर कुठलं बटण कशाचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. पंधरा दिवसांनी गेलो तर साडेसातला घराला कुलूप. आई शेजारच्या काकूंकडे बसलेली, पदराखाली शेंगांची वाटी. विचारलं तर म्हणाली, ‘‘अरे, ते मधेच थांबतं आणि इंग्रजीत काहीतरी विचारतं. मी काय उत्तर देऊ?’’ ते विचारत होतं, तुम्ही अजून बघताय का? दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन केला.

तेव्हा सासूबाईंची केबल ठेवा, फक्त पॅक उतरवा. २०१९ पासून चॅनेल निवडून घ्यायचा हक्क आपल्याला आहे. केबलवाला ‘सगळ्यांना हाच पॅक’ म्हणेल, तरी त्याच्यासमोर यादी ठेवा. सासूबाईंना काय लागतं ते त्यांनाच विचारून लिहा, फार तर सहा-सात नावं निघतील. बिल अडीचशेच्या आसपास यायला हवं. म्हणजे केबल २५० आणि नेटफ्लिक्स १९९, एकूण ४४९. महिन्याला ५१८ वाचले, तर बॉक्सचे तीन हजार सहा महिन्यांत वसूल. क्रिकेटच्या महिन्यात नेटफ्लिक्स थांबवलंत तर शंभर रुपये जास्त जातील, ते चालेल.

बॉक्स रोख घ्या, पुढच्या पगाराच्या आठवड्यात. बॉक्ससोबत आलेला अडॅप्टर भिंतीतच लावा. टीव्हीच्या यूएसबीतून करंट कमी मिळतो आणि मग ऐन शेवटच्या षटकात सगळं रीस्टार्ट होतं (माझ्याकडे झालंय).

यजमानांना सांगा, मोठ्या टीव्हीला माझा नकार नाही. सहा महिन्यांनी बॉक्सचे पैसे वसूल झाले की ते ५१८ आणि वरून हजार रुपये घालून दीड हजारांची आरडी उघडा. दीड वर्षात २७ हजार जमतील, वर व्याज. तोवर त्या टीव्हीची किंमतही बहुधा उतरलेली असेल. टीव्ही घ्यायच्या आधी मात्र एफडी दीड लाखाच्या पुढे न्या. चिरंजीवांना पाय घ्यायचाच असेल, तर गणपतीत पाहुण्यांकडून हातावर पडणारे पैसे त्याचेच आहेत.