सल्ला ताईंचा: गोधडी जोडली, आता पुढे काय?

प्रश्न: ताई, सासूबाईंच्या सुती साड्या आणि मुलीचे लहानपणीचे फ्रॉक कापून नऊ-नऊ इंचाचे 120 चौकोन जोडले, डबलबेडची 90 बाय 108 इंचाची वरची बाजू तयार झालीये. पण क्विल्टिंग (सगळे थर एकत्र शिवून) करून देणाऱ्याने सांगितलेले पैसे ऐकून मी सरळ घरी परत आले, घरच्या मशीनखाली एवढा गठ्ठा जात नाही, आणि हाताने धावदोरा घालायला बसले की मान धरते. गादीवाल्याकडे देऊन कापूस भरून घेऊ का?
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर: गादीवाल्याला नका देऊ हो! पिंजलेला कापूस आणि लांब लांब डोरे हे रजईचं काम, रजईला खोळ असते, आतली रजई धुवत नाहीत, कापूस बसला की परत पिंजून घेतात. तुमची गोधडी धुवायला जाणार आणि पहिल्याच धुण्यात कापसाचे गोळे होणार.

तुम्ही गाठींची गोधडी करा, म्हणजे धावदोऱ्याऐवजी जागोजागी गाठ मारून तिन्ही थर एकत्र धरायचे. मध्ये घालायला पॉलिएस्टरची पातळ सलग शीट घ्या, नाहीतर घरातलं जुनं फ्लॅनेल, पण ते आधी धुवून आटवून. मला स्वतःला एवढ्या मोठ्या मापाला शीटच बरी वाटते, कारण भिजलेली सुती गोधडी दोघांनाही पिळवत नाही. अस्तर विकत आणूच नका, 90 बाय 108 ची तयार चादर कमीच पडते, चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त लागतं ना. सासूबाईंची एखादी सुती नऊवारी उरली असेल तर तिचे 96 इंचाचे तीन तुकडे करून काठाला काठ जोडा, पुरून उरतं. रंग जातो का ते मात्र आधी भिजवून बघा.

रविवारी पोहे झाले की हॉल रिकामा करा, अस्तर उलटं अंथरून कडा टेपने फरशीला ताणून चिकटवा, त्यावर शीट, त्यावर चौकोन, आणि मधून सुरुवात करत बाहेरच्या बाजूला सेफ्टी पिना लावत जा, कडेकडून लावल्या तर मध्ये फुगा येतो आणि मग तो कशानेच जात नाही. आता भरतकामाचा सहापदरी दोरा पदर वेगळे न करता ओवा, चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर, बाजूच्या मध्यावर आणि पोटात एकेक छोटा टाका घेत दोरा न तोडता पुढे चला, मग मधोमध कापून दोन टोकांची गाठ मारा, एकदा उजवं डाव्यावर, एकदा डावं उजव्यावर, दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं की गाठ सुटते. साडेचारशेच्या आसपास गाठी होतील, आठ मीटरच्या दहा लडी पुरतात. घाई नाही, टीव्ही बघत रोज दोन ओळी, मान पण खाली घालावी लागत नाही कारण गाठ मांडीवर घेऊन मारता येते.

कडेच्या पट्टीला वेगळं कापड नकोच, जादा अस्तर एक-एक इंचावर कापून दोनदा दुमडून पुढे आणा आणि तुरपून टाका, किंवा एवढं एकच काम मशीनवर करा, कड तर जाते ना मशीनखाली.