उन्हाळ्यात जमते, मग हिवाळ्यात का नाही?

डिसेंबर लागला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तक्रारींत एक तक्रार हमखास वाढते आणि ती सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. मूल शाळेत जाऊ लागले, तरी रात्री अंथरूण ओले करते. त्यातही पाच वर्षांच्या मुलांपेक्षा सात-आठ वर्षांच्या मुलांचे पालक जास्त हैराण असतात, कारण त्यांच्या मुलांनी उन्हाळ्यात कित्येक रात्री कोरड्या काढलेल्या असतात. मग घरात एकच निष्कर्ष निघतो: उन्हाळ्यात जमते, हिवाळ्यात जमत नाही, म्हणजे पांघरुणातून उठायचा आळस आहे. निफाड तालुक्यातल्या एका कुटुंबाचा अनुभव याच निष्कर्षाबद्दलचा आहे. तो त्यांच्या संमतीने मांडते आहे. मुलाचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओंकार तेव्हा सात वर्षांचा होता आणि दुसरीत शिकत होता. घरात आई-वडील, आजी आणि चार वर्षांची बहीण. निफाडच्या थंडीबद्दल नाशिककरांना वेगळे सांगायला नको. लाट आली की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा राज्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यांत असतो. पारा फार उतरला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, म्हणून बागाईतदार रात्री आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. ओंकारचे वडीलही त्या दिवसांत अर्धी रात्र बागेत असत, आणि घरातली सकाळ एकट्या आईच्या अंगावर पडे.

ती सकाळ पाचला सुरू होत असे. दोन मुलांमध्ये अंथरलेली जाड गोधडी, खालची सतरंजी, ओंकारची फ्लॅनेलची पायजमा-बंडी आणि पुष्कळदा बहिणीचा फ्रॉकसुद्धा ओला झालेला असे. बंब तापेपर्यंत गार पाण्यात हात घालायचा, मग डबे करायचे, आणि गोधडी पिळायला दुसरे माणूस नाही. डिसेंबरच्या उन्हात गोधडी एका दिवसात वाळत नाही, म्हणून दुसऱ्या रात्री दुसरी गोधडी काढायची आणि तीही ओली व्हायची. आजींनी यावर एक उपाय काढला होता. ओली गोधडी त्या मुद्दाम समोरच्या कंपाउंडवर वाळत घालत, कारण चार लोकांनी पाहिले की पोराला लाज वाटेल, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. एकदा आपण त्याला थोबाडीत मारली, हे आईने मी न विचारता सांगितले. मग तिने एवढेच विचारले, ‘‘मॅडम, हा मुद्दाम करतो का? उन्हाळ्यात आठवड्यातून एखाद्या वेळी होतं. आता रोज. म्हणजे येतं ना त्याला?’’

मुद्दाम करत नाही, असे मी तिला सांगितले, आणि त्याचे कारणही सविस्तर सांगितले, कारण नुसता दिलासा घरी पोहोचेपर्यंतच टिकतो. थंडीत घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे शरीरातले जास्तीचे पाणी लघवीवाटेच बाहेर पडते. शिवाय गारठ्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त शरीराच्या आतल्या भागाकडे सरकते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत त्याचे प्रमाण वयाच्या मानाने उशिरा वाढते. सात वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण 240 मिलीलीटर लघवी मावते. उन्हाळ्यात जे काठाशी येऊन थांबत होते, ते हिवाळ्यात काठाबाहेर जाते. राहिला प्रश्न जाग येण्याचा. मूत्राशय भरल्याचा निरोप झोपेत पोहोचून जाग येणे ही मेंदूच्या वाढीबरोबर येणारी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक मुलात सारख्या वयाला येत नाही. सातव्या वर्षी शंभरातल्या पाच ते दहा मुलांचे अंथरूण अधूनमधून तरी ओले होते, म्हणजे ओंकारच्या वर्गात असे आणखी दोघे-तिघे असण्याची पुरेपूर शक्यता होती.

हे ऐकून तिचा चेहरा थोडा सैल झाला, पण समुपदेशकाचे स्पष्टीकरण म्हणजे तपासणी नव्हे. मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. सहा महिने किंवा जास्त काळ पूर्ण कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, लघवीला जळजळ होत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील, तहान फार वाढून वजन उतरत असेल किंवा मूल तोंड उघडे ठेवून घोरत असेल, तर गोष्ट वेगळी असू शकते. ओंकारच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते आणि लघवीची तपासणीही स्वच्छ आली. मात्र डॉक्टरांनी पोट तपासून बद्धकोष्ठता असल्याचे सांगितले. आतड्याचा शेवटचा भाग भरलेला राहिला की त्याचा दाब मूत्राशयावर येतो आणि मावणारी लघवी आणखी कमी मावते. दोन दिवसांतून एकदा शौचाला जाणे घरात कुणाला खटकले नव्हते, कारण थंडीत असे व्हायचेच, असे सगळे धरून चालले होते.

पुढचा आठवडाभर आईने एका वहीत ओंकार कधी काय पितो आणि लघवीला कधी जातो एवढेच लिहून आणले. माझ्या मते त्या वहीने निम्मे काम केले. सकाळी चहा-खारी. शाळेत नेलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत. शाळेत लघवीला जाणे नाही, कारण तिथल्या दाराला आतून कडी नव्हती आणि मोठी मुले बाहेरून दार ढकलत. हे त्याने आईला पहिल्यांदाच सांगितले. घरी आल्यावर खेळून झाले की लागोपाठ दोन तांबे पाणी, सहाला पुन्हा थोडा चहा, आणि रात्री नऊला, खोकला होऊ नये म्हणून, आजींच्या हातचे पेलाभर हळदीचे दूध. दिवसभर कोरडा राहिलेला मुलगा रात्री झोपेपर्यंत दिवसाचे सगळे पाणी भरून काढत होता. यात कुणाचा दोष काढावा असे काही नव्हते, फक्त पाण्याचे वेळापत्रक उलटे झाले होते. पाणी कमी करा असा सल्ला अनेक घरांत दिला जातो. तो मला पटत नाही, कारण त्याने बद्धकोष्ठता वाढते आणि मुलाला तहानेने झोप लागत नाही. आम्ही पाणी सकाळकडे सरकवले. बाटलीतले निम्मे पाणी मधल्या सुट्टीपर्यंत आणि उरलेले शाळा सुटेपर्यंत पिऊन संपवायचे. चहा दोन्ही वेळचा बंद केला, कारण त्याने लघवी वाढते. वर्गशिक्षिकांशी आई बोलली. त्यांनी मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटे आधी त्याला जाऊ द्यायचे कबूल केले, म्हणजे मोठी मुले तिथे नसत.

ओंकारशी मी वेगळी बोलले. बराच वेळ तो खडूने पाटीवर ट्रॅक्टर काढत होता आणि मीही त्याला ट्रॅक्टरचेच प्रश्न विचारत होते. रात्रीचे विचारल्यावर तो मान वर न करता म्हणाला, ‘‘मी स्वप्नात मोरीतच उभा असतो. मग गरम लागतं. मग गार लागतं.’’ ही तीन वाक्ये मी त्याच्या परवानगीने आईला आणि पुढे आजींनाही सांगितली. झोपेत काय होते याचे याहून नेमके वर्णन मला मोठ्या माणसाकडूनही ऐकायला मिळालेले नाही.

जाग आली तर काय करतोस, असे विचारल्यावर त्याने करून दाखवले. आईने त्याचा रात्रीचा पायजमा पिशवीतून आणलाच होता, तो त्याने अंगातल्या पँटवरून चढवला. थंडी पोटात शिरू नये म्हणून आई नाडीला दुहेरी गाठ मारत असे. त्याने गाठ सोडायला घेतली, नखांनी ओढली, दातांनी धरायला खाली वाकला आणि शेवटी हसत सुटला. ऊब असलेल्या खोलीत, दिवसा, पूर्ण जागा असताना त्याला ती सुटली नाही. मोरी मागच्या अंगणात होती, दिव्याचे बटण त्याच्या हाताला लागत नव्हते, आणि त्या बाजूला कुत्री भुंकत. म्हणजे ज्या रात्री त्याला जाग येत होती, त्या रात्रीही वेळेत पोहोचणे कठीणच होते. नाडीच्या जागी इलास्टिक आले, खोलीत झिरोचा दिवा आला आणि कोपऱ्यात झाकणाची बादली ठेवली गेली. बादली ऐकून आईने नाक मुरडले, पण सकाळी गोधडी धुण्यापेक्षा बादली धुणे सोपे, हे तिनेच पुढे म्हटले. अंथरूणही दोन थरांत घालायला सांगितले: खाली रबरी शीट, त्यावर चादर, त्यावर पुन्हा रबरी शीट आणि चादर. रात्री ओले झाले की वरचा थर ओढून काढायचा आणि मूल पुन्हा कोरड्यावर झोपवायचे. पांघरायला गोधडीऐवजी पातळ धुवट ब्लँकेटे, हवी तर दोन. बहिणीचे अंथरूण वेगळे झाले.

आजींना घेऊन या, असे मी सांगितले तेव्हा आईला ते फारसे रुचले नव्हते. आजी आल्या त्याच ताठ्यात आल्या. ‘‘आमच्या वेळेला असलं काही नव्हतं. आता मारायचं नाही, बोलायचं नाही, मग करायचं तरी काय?’’ हा प्रश्न रास्त होता. ज्या माणसाने चाळीस वर्षे मुले सांभाळली, त्याला नुसती मनाईची यादी दिली तर तो यादी घेऊन घरी जातो आणि जुनेच करतो. मी त्यांना त्यांच्याकडचे उपाय विचारले. त्यांनी तीळ-गुळाचा लाडू सांगितला. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला थंडीत तीळ आणि गूळ द्यावा, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत मानतात. त्याने अंथरूण कोरडे राहते असे मी म्हणणार नाही, पण रोज एक छोटा लाडू आजींच्या हातून मिळावा यात वाईट काहीच नाही, आणि ज्या हाताने गोधडी कंपाउंडवर घातली जात होती त्याच हाताने तो मिळावा याला माझ्या दृष्टीने महत्त्व होते. हळदीचे दूधही बंद केले नाही. ते रात्री नऊऐवजी संध्याकाळी साडेपाचला द्यायचे ठरले. बद्धकोष्ठतेसाठी डॉक्टरांनी औषध दिलेच होते, त्याच्या जोडीला पेरू आणि पपई देण्याचे आजींनी आपणहून अंगावर घेतले.

गोधडीच्या जागेवर मात्र खरा वाद झाला. मागच्या दोरीवर घाला, असे मी म्हणाले. आजी म्हणाल्या की थंडीत ऊन समोरच येते, मागे दिवसभर सावली असते. त्यांचे बरोबर होते. शेवटी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे एकत्रच समोर उन्हात घालायची, कुणाची कुठली ते कळता कामा नये, असे त्यांनीच सुचवले.

वडिलांशी फोनवर बोलणे झाले. लहानपणी आई-वडिलांपैकी कुणाला हा त्रास होता का, हे मी प्रत्येक वेळी विचारते, कारण एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. थोडा वेळ काही ऐकू आले नाही, मग ते म्हणाले की चौथीपर्यंत त्यांनाही होता, आणि हे बायकोला माहीत नाही. आपल्या माहेरच्या रक्तावर हे प्रकरण गेले चार हिवाळे ढकलले जात असल्याचे तिने मला सांगितलेले होते. मी ते त्यांना सांगितले नाही आणि त्यांचे तिला सांगितले नाही. बायकोला कधी सांगायचे ते तुम्ही ठरवा, पण ओंकारला सांगितलेत तर त्याला फार बरे वाटेल, एवढेच म्हणाले. बागेतून परतल्यावर रात्री बाराला ते त्याला झोपेतच उचलून मोरीवर नेत. त्याने त्या रात्रीपुरते अंथरूण वाचते, मूल काही शिकत नाही, हेही बोलणे झाले. न्यायचेच तर पुरते जागे करून, त्याच्या पायांनी न्या, असे ठरले. ओले होताच वाजून जागे करणारे अलार्मचे उपकरण मिळते आणि नेटाने काही आठवडे वापरले तर त्याचा उपयोगही होतो, पण चार माणसे एका खोलीत झोपतात तिथे ते एकाला सोडून सगळ्यांना जागे करते, म्हणून ते आम्ही त्या हिवाळ्यात घेतले नाही.

कोरड्या रात्रींना बक्षीस ठेवू नका, असे मी आईला बजावले, कारण झोपेतल्या गोष्टीला बक्षीस लावले की न मिळालेले बक्षीस ही शिक्षाच होते. बाटली संपवली, झोपण्यापूर्वी जाऊन आला, सकाळी आपली चादर स्वतः बादलीत टाकली, याची शाबासकी द्यावी. चादर टाकणे ही शिक्षा म्हणून नव्हे, दात घासण्यासारखे एक काम म्हणून.

जानेवारीअखेर आठवड्यातल्या ओल्या रात्री सातांवरून तीन-चारांवर आल्या. मार्चमध्ये जवळजवळ थांबल्या, पण मार्चमध्ये थंडीही थांबली होती, तेव्हा त्याचे श्रेय मी कुणालाच दिले नाही. पुढच्या डिसेंबरात आईचा फोन आला. अधूनमधून होत होते, पण तिला ते विचारायचे नव्हते. पुण्यात मावसबहिणीचे लग्न होते, दोन रात्री पाहुण्यांकडे सतरंजीवर सगळी मुले एका ओळीत झोपणार होती, आणि ओंकार यायला तयार नव्हता. अशा प्रसंगापुरती देण्याची एक गोळी असते, लघवी कमी तयार करणारी. ती घेतलेल्या रात्री झोपण्याआधीच्या तासापासून सकाळपर्यंत पाणी अगदी मोजके द्यावे लागते, म्हणून ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही आणि आधी घरी एकदा देऊन पाहायची, असे मी सांगितले. नको असेल तर आईने त्याला घेऊन भिंतीकडेला झोपावे आणि रबरी शीट घरूनच न्यावी. दोन्ही पर्याय त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला निवडू द्या, असे म्हटल्यावर मागून आजींचा आवाज आला, की मांडवात लाडू असतातच, पण तिळाचे मी वेगळे बांधून देते.