ॲड्रॉइट आणि आपला उजवा

‘ॲड्रॉइट म्हणजे स्किलफुलच ना? मराठीत कुशल म्हटलं तर चालेल?’ असा प्रश्न आलाय.

चालेल, पण जपून. नोकरीच्या अर्जांत ‘ॲड्रॉइट इन एक्सेल’ वाचून वाचून डोकं उठलंय. एसटीच्या गर्दीत कंडक्टर कोपर दांड्यात अडकवून तिकीट देतो, सुटे मोजतो, घंटी ओढतो, ते डेक्स्टरस, म्हणजे हाताचं कसब. खिडकीच्या जागेवरून दोघं हमरीतुमरीवर आले की तोच म्हणतो, “या आजी, या दोघांनी तुमच्यासाठी जागा धरलीय,” आणि दोघंही निमूट सरकतात. हे ॲड्रॉइट!

खरी गंमत व्युत्पत्तीत. शब्द इंग्रजीत आला १७व्या शतकात, फ्रेंचमधून. ‘त्यातला द्र्वा (droit) म्हणजे उजवा, म्हणून ॲड्रॉइट म्हणजे उजव्या हाताचा’ असं भलेभले ठोकून देतात. साफ चूक. शब्द घडला तेव्हा फ्रेंचमध्ये उजव्याला ‘देस्त्र’ म्हणत. द्र्वा म्हणजे सरळ, योग्य. लॅटिन ‘दिरेक्तुस’चं पोर ते. देस्त्रला हुसकून त्यानं उजवा हात बळकावला तो बऱ्याच नंतर.

आता आपल्या घरात डोकवा. संस्कृतात उजवा म्हणजे दक्षिण, लॅटिन ‘देक्स्तेर’चा सख्खा भाऊ. त्याला मराठीत कोणी हुसकलं? ‘उजवा’नं. हा कुठला? ऋजु, प्राकृतात उज्जु, ज्ञानेश्वरीत उजू, म्हणजे पुन्हा सरळच! दोन्हीकडे ‘सरळ’नंच ‘उजव्या’ची जागा घेतली. वर दिरेक्तुसमधला ‘रेक्’ आणि आपला ऋजु एकाच मूळ धातूचे. म्हणजे ॲड्रॉइट आणि उजवा चक्क भाऊबंद. (‘मुलगी उजवणे’ यात घुसडू नका, ते उद्यापनाकडचं.) ‘उजवा हात चांगला, म्हणून उजवं ते चांगलं’ ही लाडकी उपपत्ती मांडणाऱ्या विद्वानांनी इथला क्रम एकदा तपासावा. इथे आधी सरळपणा आला, हात मागाहून.

हां, प्रतिशब्द राहिलाच. ‘शिताफी’ घ्या. ‘पोलिसांनी शिताफीने पकडले’ रोज वाचता ना? मूळ फारसी शिताब, म्हणजे घाई. मराठीत घाई मागे पडली, चतुराई पुढे आली. कंडक्टरनं भांडण शिताफीनं मिटवलं, असं म्हणा.