तिसऱ्यांदा नीट? आधी तिची वही परत द्या

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला नीटमध्ये दोन्ही वेळा मार्क कमी पडले, तिला आता बीएससी केमिस्ट्री करायचंय, तुम्हाला तिला परत नीटला बसवायचंय. मार्कांची मला काळजी नाही वाटली, काळजी वाटली ती मधल्या एका ओळीची. दोन कॅटॅलिस्ट एकत्र वापरून औषधी रेणू कसे बनवतात ते मोबाईलवर बघून ती जी वही भरत होती, ती तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवली. का हो? दोन वर्षं मुकाट्याने क्लासला गेलेली पोरगी कोणी न सांगता काहीतरी समजून घेतेय आणि घरात नेमका तोच गुन्हा ठरतोय. नातेवाईक काय म्हणतील हे पत्रात आहे, ती काय म्हणते ते कुठेच नाही. वही आजच परत द्या.

आणि कॅटॅलिस्ट म्हणजे रिॲक्शन फास्ट करायची पावडर, त्यात रिसर्च तो काय, असं तुम्ही लिहिता. रिॲक्शन तो फास्ट करतोच, पण तेवढंच समजणं चूक आहे. एकाच रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी रूपं असतात, शरीरात त्यांचा परिणाम वेगवेगळा होऊ शकतो, आणि कुठलं रूप तयार होणार हे कॅटॅलिस्ट ठरवू शकतो. 2013 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ कारेरा यांच्या गटाने इरिडियम या धातूचा एक आणि अमाइनचा, म्हणजे नायट्रोजन असलेल्या सेंद्रिय रेणूचा, एक असे दोन कॅटॅलिस्ट एकाच भांड्यात वापरले, कच्चा माल तोच ठेवला, फक्त कॅटॅलिस्टची डावी-उजवी जोडी बदलत गेले आणि रेणूची चारही रूपं हवी तशी मिळवली (डावं-उजवं ठरणाऱ्या जागा दोन, म्हणून रूपं चार), एरवी बऱ्याचदा प्रत्येकासाठी वेगळा रस्ता शोधत बसावं लागतं. पुढच्याच वर्षी त्यांनी गांजातल्या टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या रेणूची, चारही रूपं अशीच बनवली, म्हणजे कुठलं रूप काय करतं ते वेगवेगळं तपासता येतं. अमाइनसारखे सेंद्रिय कॅटॅलिस्ट पुढे आणणाऱ्या लिस्ट आणि मॅकमिलन यांना 2021 चं नोबेल मिळालं. तुमची मुलगी हे वाचत होती.

रस्ता माहितीचाच आहे, बीएससी, जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएससी, मग नेट नाहीतर गेट परीक्षा आणि पीएचडी. नागपुरातच शासकीय विज्ञान संस्था आहे, पुढे पुण्याला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. पण नुसत्या बीएससीवर थांबून हे काम मिळत नाही, दहाएक वर्षं द्यावी लागतात, हे तिलाही स्पष्ट सांगा.

मी तिला नीटसाठी समजवावं असं तुम्ही म्हणता, ते मी करणार नाही. ती स्वतःहून परत बसते म्हणाली तर टाईमटेबल मी बनवून देईन. यायचं असेल तर दोघं या, पण पहिला अर्धा तास ती बोलेल, तुम्ही बाहेर बसा.