डिस्चार्ज बुकात न आलेली पदके

प्रश्न : मी १९६८ साली शिपाई म्हणून सैन्यात भरती झालो आणि १९८५ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. डिसेंबर १९७१ मध्ये माझी पलटण पूर्व आघाडीवर होती आणि पहिल्या दिवसापासून मी तिच्यासोबत होतो. फेब्रुवारी १९७२ मध्ये माझी बदली एका ट्रेनिंग सेंटरला झाली. माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्त होताना मिळालेल्या सेवेच्या पुस्तकात, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आणि नऊ वर्षांच्या सेवेचे पदक एवढ्याच नोंदी आहेत. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ या युद्धाच्या पदकांचा उल्लेख नाही. गेल्या वर्षी अर्ज केला, तेव्हा ‘आपल्या कागदपत्रांत अशी नोंद आढळत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. ही दुरुस्ती होऊ शकते का?
— एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : होऊ शकते, परंतु आपल्या अर्जाची मांडणी बदलावी लागेल. नोंद नाही हे आपणच कळवले होते आणि कार्यालयाने तेच आपल्याला परत कळवले. पदकाचा हक्क डिस्चार्ज बुकातील ओळीमुळे निर्माण होत नाही. ठरलेल्या काळात आपण ठरलेल्या क्षेत्रात होता, या वस्तुस्थितीमुळे तो निर्माण होतो, आणि अर्जात सिद्ध करायची ती हीच गोष्ट आहे.

दोन्ही पदकांचा आधार वेगळा आहे, हे आधी लक्षात घ्यावे. पूर्वी स्टार हे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवरील कारवाईत असलेल्यांसाठी आहे, जसे पश्चिम आघाडीसाठी पश्चिमी स्टार आहे. संग्राम मेडलचा काळ त्याहून बराच मोठा, म्हणजे ३ डिसेंबर १९७१ पासून २० डिसेंबर १९७२ पर्यंतचा आहे. सिमला करारानंतर दोन्ही बाजूंचे सैन्य मागे घेण्याचे काम ज्या दिवशी पूर्ण झाले, तो हा शेवटचा दिवस. तेव्हा दोन्ही मागण्या एकाच वाक्यात न घालता स्वतंत्र परिच्छेदांत मांडाव्यात, म्हणजे एकीवर शंका आली तरी दुसरी अडकून पडणार नाही.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला फेब्रुवारी १९७२ मधील बदलीचे वाटते. युद्ध संपल्यावर पदके जाहीर झाली आणि मग प्रत्येक पलटणीने आपल्या पात्र जवानांच्या याद्या करून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचे लेखी आदेश, काढल्या. सैन्यात जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घटना, मग ती रजा असो, लग्न असो, बढती असो किंवा पदक असो, पार्ट टू ऑर्डरमधूनच रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पोहोचते आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, उतरते. अशा घटनेला तिथल्या भाषेत ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, हे ऐकून घरची माणसे दचकतात. पण त्या शब्दाचा इथे जखमी होण्याशी संबंध नाही. आपण तोवर पलटणीतून गेलेला होता. जुन्या पलटणीने नव्या ठिकाणचा माणूस म्हणून आपले नाव सोडले आणि नव्या ठिकाणी आपल्या युद्धातील सेवेची कोणाला कल्पनाच नव्हती, असे घडले असण्याचा संभव मोठा आहे. युद्धानंतर लगेच बदली, कोर्स किंवा इस्पितळ यांमुळे पलटणीपासून दूर गेलेल्या जवानांची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात आणि त्या सर्वांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. ज्यांनी आघाडीवर ते दिवस काढले, त्यांचे नाव केवळ यादी करण्याच्या दिवशी ते हजर नव्हते म्हणून राहून जावे, हे मनाला फार लागते.

म्हणून पहिले पाऊल शीट रोलची साक्षांकित प्रत मिळवण्याचे आहे. ती आपल्या स्वतःच्या सेवेची असल्यामुळे माहिती अधिकार कायदा, २००५ खाली १० रुपये शुल्क भरून मागता येते आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘माझ्या पदकांची माहिती द्या’ असे मोघम लिहू नये. कोणत्या तारखेला कोणत्या पलटणीत रुजू झालो, कोणत्या तारखेला तिथून निघालो आणि त्यासंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक काय, एवढेच नेमके मागावे. या तारखा हाती आल्या की अर्धे काम झाले, कारण आपली पलटण त्या दिवसांत कुठे होती हे सैन्याच्या स्वतःच्या दप्तरात आहे. प्रत्येक पलटण युद्धकाळात वॉर डायरी, म्हणजे आपल्या हालचालींची नोंदवही, लिहिते. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये जमालपूरच्या लढाईत होती, याबद्दल आज कोणालाही वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. पलटण तिथे होती आणि आपण त्या तारखांना पलटणीत होता, ही दोन विधाने शेजारी ठेवली की पात्रता उघड होते.

त्यानंतरचा अर्ज आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडेच जावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आणि तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला आहे. आर्मी नंबर, हुद्दा आणि नाव डिस्चार्ज बुकात जसे आहे अगदी तसेच लिहावे. आधार कार्डावरील नाव वेगळे असेल तर तो फरक अर्जातच सांगावा. मागण्या दोन कराव्यात : राहिलेली पार्ट टू ऑर्डर काढून सेवेच्या नोंदीत दुरुस्ती करावी, आणि तिच्या आधारे पदके द्यावीत. नुसते पदक मागितले तर नोंद नसल्याचे तेच उत्तर पुन्हा येईल. त्याच पलटणीत त्या वेळी असलेल्या एकदोन सोबत्यांची, विशेषतः त्यांच्या डिस्चार्ज बुकात ही पदके असतील तर, प्रतिज्ञापत्रे जोडावीत. हे काम मात्र पुढच्या महिन्यावर टाकू नये. आपल्या वयाचे सोबती आज बोलू शकतात, सही करू शकतात. त्यांच्या गावी मुलाला किंवा नातवाला आजच पाठवावे.

मूळ डिस्चार्ज बुक टपालाने पाठवू नये. साक्षांकित प्रती स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. त्या पुस्तकात स्वतःच्या हाताने काहीही लिहू नये, खोडू नये. चांगल्या हेतूने केलेली भरसुद्धा फेरफार ठरते आणि मग खऱ्या नोंदींवरही संशय येतो. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर तिथली जावक नोंद आणि शिफारसपत्र या दोन्हींचा उपयोग होतो.

प्रश्न : माझे पती तोफखान्यात होते आणि १९९९ साली कारगिलच्या वेळी त्या भागात होते. त्यांच्या निधनानंतर त्यांचे ऑप विजय (कारगिलच्या ‘ऑपरेशन विजय’चे) पदक मागण्यासाठी मी अर्ज केला. पण रेकॉर्डमध्ये माझे माहेरचे नाव असल्याने तो परत आला. — एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला हा हक्क आहे. सेवेच्या नोंदीत पत्नी म्हणून जे नाव आहे ते आणि तुमचे आजचे नाव एकाच व्यक्तीचे आहे, असे प्रतिज्ञापत्र करून त्यासोबत विवाहाचा दाखला, पतीचा मृत्यूचा दाखला आणि कुटुंब निवृत्तिवेतनाचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) जोडावा. पीपीओवरही माहेरचेच नाव असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. त्याचा संबंध दर महिन्याच्या रकमेशी आहे आणि उद्या बँकेतही हीच अडचण उभी राहील. पदकाच्या अर्जात एक गोष्ट नीट पाहावी : ऑपरेशन विजयसाठी स्टार आणि मेडल ही दोन वेगळी पदके आहेत. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातील सेवेसाठी आहे. पतीची रेजिमेंट कुठे तैनात होती, हे तिच्या नावासह आणि तारखांसह लिहावे, आणि कोणते पदक लागू होते ते तपासून द्यावे अशी विनंती करावी.

प्रश्न : वडील १९७२ मध्ये पेन्शनशिवाय घरी आले. आता त्यांचे कागद मिळतील का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पेन्शन नसलेल्या जवानांची सेवेची कागदपत्रे साधारणपणे २५ वर्षांनी नष्ट केली जातात, त्यामुळे शीट रोल मिळण्याची आशा कमी आहे. रेकॉर्ड ऑफिसकडे लाँग रोलमधील, म्हणजे भरती झालेल्या सर्व जवानांच्या संक्षिप्त नोंदवहीतील, नोंद मागावी आणि घरातील डिस्चार्ज सर्टिफिकेट, जुनी पत्रे, पलटणीतील तारीख असलेली छायाचित्रे यांच्या प्रती जोडाव्यात. अशा प्रकरणात घरच्या पेटीतला एखादा कागद हाच एकमेव उरलेला पुरावा असू शकतो, म्हणून तो आधी स्कॅन करून ठेवावा आणि मगच अर्जाला लागावे.