शिस्त (म्हणजे नेम) बरोबर, तरी गोळी खाली का?

या महिन्यात रायफलच्या साइटबद्दल, म्हणजे नेम धरायच्या खुणांबद्दल, इतकी पत्रं आली की एअर पिस्तूलवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागणार. सगळे प्रश्न लोखंडी साइटचे आहेत, म्हणजे पुढे फोरसाइट, मागे बॅकसाइटची खाच नाहीतर भोक, आणि मध्ये काच नाही. स्कोपवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : सर, मी कॉलेजात एनसीसीला आहे. 25 यार्डच्या रेंजवर पॉइंट टू-टू (.22) रायफलचं माझं ग्रुपिंग (गोळ्यांचा पुंजका) मस्त येतं, सगळ्या गोळ्या मधोमध. परवा दुसऱ्या रेंजवर 50 मीटरवर फायर करायला मिळालं तर अख्खा ग्रुप खाली. उस्ताद म्हणाले ट्रिगर झटकतोयस, पण मी खरंच झटकत नव्हतो. – कॅडेट, सातारा

उत्तर : झटकत असतास तर गोळ्या इकडे-तिकडे पांगल्या असत्या रे. ग्रुप तेवढाच घट्ट आहे आणि नुसता खाली सरकलाय म्हणजे तुझा हात ठीक आहे, रायफल 25 यार्डला झिरो केलेली आहे, म्हणजे त्या अंतरावर शिस्त धरू तिथेच गोळी लागेल अशी तिची साइट लावलेली आहे, एवढंच. उस्तादांना हे सांगताना जरा बेताने सांग.

तुझी नजर सरळ रेषेत जाते, गोळी जात नाही. नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती नळीच्या रेषेच्या खाली यायला लागते. पॉइंट टू-टूची साधी गोळी सेकंदाला साधारण 325 मीटरने निघते, म्हणजे 25 मीटर जाईपर्यंत ती जवळपास 3 सेंटिमीटर पडते आणि 50 मीटर जाईपर्यंत साधारण 12. अंतर दुप्पट झालं पण पडणं चौपट झालं, कारण वेळ दुप्पट लागला की पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं, अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे हे. त्यात साइट नळीच्या वर दीड-दोन सेंटिमीटर बसलेली असते, म्हणून नळी मुळातच किंचित वर तोंड करून ठेवतात, म्हणजे गोळी खालून येऊन नजरेच्या रेषेला भेटते. तुझ्या रायफलची ही भेट 25 यार्डच्या आसपासच होते आणि तिथून पुढे गोळी उतरणीलाच लागते. 50 मीटरवर तुझा ग्रुप चार-पाच सेंटिमीटर खाली असणार, मोजून बघ.

रायफल युनिटची आहे, तेव्हा साइटला हात लावू नको, उद्या तीच रायफल दुसऱ्या पोराच्या हातात 25 यार्डला जाईल आणि तो बिचारा वर मारत बसेल. तू शिस्तच वर घे. 50 मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल 112.4 मिलिमीटरचा असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत साडेपाच सेंटिमीटरच्या वर थोडं. 25 यार्डला फोरसाइट टिप जिथे टेकवतोस तिथेच लागत असेल तर 50 ला ती काळ्याच्या वरच्या कडेच्या जरा आत टेकव. मात्र 25 ला काळ्याच्या खाली टेकवून गोळी मध्ये आणत असशील तर हिशोब वेगळा, तेव्हा पाच गोळ्या मारून ग्रुप कुठे बसतो ते बघ आणि तेवढंच वर जा.

प्रश्न : माझ्याकडे लायसनची जुनी पॉइंट टू-टू आहे. 25 मीटरवर गोळ्या डावीकडे 5 सेंमी जातात. क्लबातला एक जण म्हणतो फोरसाइट उजवीकडे ठोका, दुसरा म्हणतो डावीकडे. दोघंही ठामपणे सांगतात. – पुणे

उत्तर : दुसरा बरोबर आहे. बॅकसाइट जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, फोरसाइटचं उलटं. त्यामुळे फोरसाइटसाठी एवढंच पाठ करा, गोळी जिकडे चुकते फोरसाइट तिकडे न्यायची. डावीकडे जाते तर डावीकडे, वर जाते तर फोरसाइट उंच करायची. उंच केल्यावर गोळी खाली येते हे पटायला वेळ लागतो, पण टिप उंच झाली की ती परत खाचेच्या बरोबरीला आणायला तुम्ही आपोआप नळीचं तोंड खाली करता.

आता किती सरकवायची. चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर भागिले टार्गेटचं अंतर. तुमच्या दोन साइटमध्ये समजा 60 सेंमी आहेत, तर 50 मिलिमीटर गुणिले 600 भागिले 25,000, उत्तर 1.2 मिलिमीटर. लोक दणादण हातोडी मारतात आणि मग पाच सेंमी डावीकडची गोळी दहा सेंमी उजवीकडे जाते ती याच्यामुळे. पितळी पंच घ्या, सरकवण्याआधी फोरसाइट आणि तिच्या बुडाच्या जोडावर पेन्सिलने एक रेघ ओढा आणि व्हर्नियरने मोजत सरकवा. जुन्या .303 नंबर 4 रायफलला तर उंचीसाठी वेगवेगळी फोरसाइट ब्लेडं यायची, 0.015 इंचाच्या टप्प्याने, आणि एक ब्लेड बदललं की 100 यार्डवर गोळी जवळपास दोन इंच हलायची. एवढासा पत्रा आणि दोन इंच!

आणि एका गोळीवरून साइट हलवू नका. पाच मारा, पाचांचा मध्य काढा, एखादी फटकून गेली असेल आणि ती का गेली हे तुम्हाला माहीत असेल तर ती सोडून द्या. पाच गोळ्या ताटाएवढ्या जागेत पसरत असतील तर झिरोइंग राहू दे, आधी होल्ड (रायफल धरणं) आणि श्वास बघा, कारण मध्यच सापडत नाही तर सरकवणार कशाच्या हिशोबाने.

प्रश्न : आम्ही सैन्यात एसएलआर (7.62 ची रायफल) वापरली, साइटच्या पट्टीवर अंतरं 200 ते 600. आम्हाला 300 वर ठेवून मारायला शिकवलं होतं. आमचा नातू विचारतो, आजोबा, 150 वर असलेल्याला 300 ची सेटिंग कशी चालायची? आणि 25 मीटरवर मारून 300 चं झिरो करतात म्हणे, ते काय? – निवृत्त सुभेदार, जि. सांगली

उत्तर : सुभेदार साहेब, नातू हुशार आहे. 300 ला झिरो केलेली 7.62 ची गोळी मधल्या टप्प्यात नजरेच्या रेषेच्या वरून जाते, सगळ्यात वर असते तेव्हा साधारण सहा-सात इंच. टार्गेट माणसाएवढं असेल तर मध्यावर शिस्त घेतली की 300 पर्यंत पट्टीला हात न लावता लागतंच, आणि लढाईत पट्टी वर-खाली करायला सवड कुणाला असते. कागदावरच्या बुलसाठी (मधल्या गोलासाठी) मात्र सहा इंच म्हणजे मॅच हरणं, म्हणून स्पर्धेत प्रत्येक अंतराला साइट बदलतात.

25 मीटरचं असं, की गोळी नजरेची रेष दोनदा कापते, एकदा वर जाताना जवळच आणि एकदा खाली येताना लांब. अमेरिकन सैन्याच्या एम-16 एटू रायफलला पहिली भेट 25 मीटरला घडवली की दुसरी 300 च्या आसपास होते, म्हणून छोट्या रेंजवर लांबचं काम होतं. पण हे त्या गोळीला आणि त्या साइटच्या उंचीला जमतं, पॉइंट टू-टूला लावायला जाऊ नका. शिवाय 25 वरची एक मिलिमीटरची चूक 300 वर बारा मिलिमीटर होते, तेव्हा लांबवर मारून खात्री करायची ती करायचीच.

पट्टीवरचे आकडेही एका ठरावीक गोळीचे असतात बरं का. .303 वरून 7.62 च्या गोळीवर आल्यावर ईशापूर कारखान्याच्या 2ए रायफलला सुरुवातीला जुनीच 2000 यार्डांची पट्टी होती, 2ए1 ला ती बदलून 800 मीटरची केली.

प्रश्न : मुलगी 10 मीटर एअर रायफल करते, आता कोच 50 मीटरला घेतायत. तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे आमच्याकडे सगळ्यांनाच 50 मीटर करायचंय! नवीन महागडी साइट घ्यावी का? आणि सकाळी बरोबर लागतं, दुपारी सरकतं, ते का? – कोल्हापूर

उत्तर : नवीन साइट आत्ता नको. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत टेलिस्कोप चालत नाही, सगळे पीपमधूनच, म्हणजे मागच्या साइटच्या भोकातूनच, मारतात, तेजस्विनीचं 2010 चं म्युनिकचं वर्ल्ड टायटल आणि स्वप्निलचं 2024 चं पॅरिसचं ब्राँझ दोन्ही तसंच आलंय. 50 मीटरची रायफल वेगळी असते, ती क्लबातून मिळते का ते आधी कोचना विचारा, तिच्यावर साइट असेलच. वहीत मात्र पैसे घाला. तारीख, गोळीचा लॉट, वारा, ऊन, साइट किती क्लिक (खटके) कुठे फिरवली, सगळं लिहायची सवय लावा, नाहीतर प्रत्येक वेळी साइटर शॉट्स (मॅचआधीच्या चाचणीच्या गोळ्या) झिरो शोधण्यातच जातात.

दुपारचं सरकणं दोन गोष्टींनी होतं. एक ऊन. उघड्या साइटवर डावीकडून ऊन आलं की फोरसाइटची डावी कड चमकते, डोळा त्या चमकीलाच फोरसाइट समजून मध्ये आणतो आणि गोळी उजवीकडे जाते, म्हणजे उन्हापासून लांब. जुने लोक मेणबत्तीची काजळी धरायचे फोरसाइटवर, अजूनही चालतं. तुमच्या मुलीची फोरसाइट नळकांड्यात झाकलेली असणार, तिला हा त्रास कमी. तिचा खरा दुश्मन वारा. 50 मीटरच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल जेमतेम 10.4 मिलिमीटरचा, आणि ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा पॉइंट टू-टूच्या गोळीला दोन-अडीच सेंटिमीटर ढकलतो. आतापर्यंत बंद हॉलमध्ये मारलंय तिने, वाऱ्याशी गाठच पडलेली नाही. रेंजवरच्या झेंड्यांकडे बघायला शिकवा, आणि वारा सारखा बदलत असेल तर क्लिक फिरवत बसण्यापेक्षा ज्या वाऱ्यात झिरो केलंय तो परत येईपर्यंत थांबून मारायला सांगा, फक्त मॅचच्या घड्याळाकडे लक्ष ठेवून.