श्रद्धा आहे, पण राग आवरत नाही. हे रक्तातच असतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या घरात आजोबांपासून सगळे तापट. रोज मनापासून पूजा करता, संयम दे म्हणून हात जोडता, आणि तासाभरात मुलावर हात उगारला जातो. मग श्रद्धा कमी पडते, की हे रक्तातच आहे? तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचंच घर दिसलं, म्हणून घरचंच सांगते.

आमच्याकडे राग कानांवर दिसतो. आजोबांच्या, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या, माझ्या आणि आता माझ्या मुलाच्याही कानाच्या पाळ्या आधी लाल होतात. आवाज चढायला अजून अवकाश असतो. आई चुलीपुढून नुसती मान वळवून आबांच्या कानांकडे बघायची आणि आम्हा भावंडांना परड्यात पिटाळायची.

आजोबा माळकरी होते. महिन्याच्या दोन्ही एकादश्या करायचे, आषाढीची पायी वारी त्यांनी कधी चुकवली नाही. आणि आमटीत मीठ कमी पडलं म्हणून भरलं ताट अंगणात भिरकावणारेही तेच. त्यांची भक्ती वरवरची होती असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. वारीहून आल्यावर नामदेव पायरीबद्दल सांगताना त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत. श्रद्धा खरी होती, रागही खरा होता, दोन्ही एका घरात नांदत होते. तेव्हा आपली श्रद्धा कमी पडते हे मनातून आधी काढून टाका. त्या अपराधी भावनेनं माणूस आणखी चिडचिडा होतो, हे मी स्वतः भोगलंय.

आता रक्ताचं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. मेंडेलच्या वाटाण्यांचा रंग जसा सरळ हिशोबात पुढच्या पिढीत उतरतो, तसा राग उतरत नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून दिसतं ते इतकंच, की माणसामाणसांच्या स्वभावांत जो फरक असतो त्यातला साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो. एखाद्याचा निम्मा राग बापाचा, असा त्याचा अर्थ नाही. लवकर पेटणं वारशानं येऊ शकतं. ताट भिरकावणं मात्र आपण बघून शिकतो. मुलगा सातवीत असताना मी त्याची कंपासपेटी भिंतीवर फेकली. हात माझा, पण मनगटाचा तो झटका हुबेहूब आजोबांचा होता. पेटीचा एक कोपरा चेपला. मुलगा काही बोलला नाही, खाली बसून कर्कटक आणि गुण्ये गोळा करत राहिला. ती पेटी मी अजून कपाटात ठेवली आहे.

संयम कसा असतो हे मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९१ साली, आबांबरोबर वारीत. मी एकोणीस वर्षांची होते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पण मी लोणंदपासून पुढे चालले. त्या दिवशी चांदोबाचा लिंब इथलं उभं रिंगण झालं आणि पालखी तरडगावला मुक्कामाला आली. दुपारपासून पाऊस. तळावर पोहोचलो तर आमच्या दिंडीच्या जागेवर दुसऱ्याच कुणाच्या राहुट्या पडलेल्या. बायका भिजलेल्या वळकट्या मांडीवर घेऊन चिखलात बसल्या. मी आबांकडे पाहिलं. पाळ्या लालभडक. मला वाटलं, आता इथे मारामारी होणार.

पण समाजआरतीची वेळ झाली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: माउलींच्या सोहळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. मग चोपदार आपला चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरतो, आणि टाळ, मृदंग, माणसं, सगळं एका क्षणात गप्प होतं. अशा वेळी ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं गप्प बसायचं नसतं. ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. चोपदार त्या दिंडीकडे जातो, ऐकून घेतो, तोडगा निघतो, तेव्हा ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांच्या सोहळ्याची. १८३० च्या दशकात त्यांनी पालखीला आजचं रूप दिलं. स्वतः शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे एवढा जमाव कसा चालवायचा हे त्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले. आबा पुढे होते. ओल्या धोतराला चिखल, कान लाल, आणि हात मात्र तालात. एकही ठोका जास्त जोरात नव्हता. चोपदार आले. आबांनी टाळ छातीशी धरले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "माउली, आमच्या बायामाणसं चिखलात बसल्यात." एवढंच. अर्ध्या तासात जागा मिळाली.

तोवर मला संयम म्हणजे गिळणं वाटायचं. आई गिळायची, आम्ही गिळायचो, आणि आबा गिळून गिळून एक दिवस फुटायचे. तळावर कुणी काही गिळलं नव्हतं. तक्रार हजारो लोकांसमोर वाजत होती, फक्त तिला ताल होता, वेळ होती, आणि ऐकून घेणारा माणूस नक्की येणार याची खात्री होती. मला वाटतं श्रद्धेचं काम ते. राग पुसून टाकणं हे तिचं काम नाही. कुणीतरी येणार आहे, तोवर हात तालात ठेव, एवढं ती सांगते.

आणि हे एकदा शिकून संपत नाही, हे मला २०२० नं दाखवलं. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. जवळजवळ चाळीस वर्षांत आबा पहिल्यांदा आषाढीला घरात होते, आणि इतक्या वर्षांचा निवळलेला माणूस आठवडाभरात पुन्हा जुना झाला. चहा उशिरा आला म्हणून आईवर ओरडायला लागले. आईनं एक शब्द काढला नाही. तिनं नुसता उजवा हात सरळ वर केला, चोप धरतात तसा. आबा वाक्याच्या मध्येच थांबले. चाळीस वर्षांची सवय, अंगानंच ऐकलं. मग तिनं शांतपणे विचारलं, "बोला, काय तक्रार आहे?" बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "माझी वारी चुकली गं."

तेव्हापासून आमच्या घरात ही रीत आहे. कुणाचे कान लाल झालेले दिसले की दुसऱ्यानं हात वर करायचा. समोरच्यानं गप्प व्हायचं, मग विचारलं की आपली तक्रार पूर्ण सांगायची, आणि ती संपेपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. दर वेळी जमतं असं नाही, गेल्या महिन्यातच मी हात बघूनही बोलत राहिले. पण माझा मुलगा आता माझ्यासमोर हात वर करतो. सातवीत तो नुसता कर्कटक गोळा करत होता.

आबांना आता चालवत नाही. लोणंद ते फलटण वारी मी करते. जमलं तर तुम्ही एकदा संध्याकाळी तळावर या, मुलाला बरोबर आणा. चोप वर गेला की त्याला खांद्यावर घ्या आणि कुठल्या दिंडीचे टाळ अजून वाजतायत ते त्याला शोधायला सांगा.